सोपाऱ्याचा दगड मुंबईत भेटला



आम्ही सहा जणी नालासोपाऱ्याच्या एकाच वस्तीत राहतो. दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला भेटतो आणि वर्षातून एकदा मिळून कुठेतरी सहलीला जातो. सहल म्हणजे फार काही नाही. एकदा अर्नाळ्याचा समुद्र, एकदा वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे. डबे बांधायचे, दिवसभर हसायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चुलीपुढे उभे राहायचे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, पण ती सहल नव्हे, ते आपले कर्तव्य.

यंदा मात्र आमच्यातल्या धाकटीने वेगळाच विषय काढला. ती कॉलेजात इतिहास शिकते. म्हणाली, "मावशी, या वेळी मुंबईच्या म्युझियमला जाऊ. आपल्या सोपाऱ्याचा अशोकाचा दगड तिथे आहे."

आम्ही सगळ्या हसलो. "सोपाऱ्याचा दगड बघायला सोपाऱ्याहून मुंबईला जायचे? इथे काय दगड कमी आहेत?" माईंनी विचारले. माई अंगणवाडीत मदतनीस आहेत, त्यांना सगळ्याची थट्टा करायची सवय. पण धाकटी मागे हटली नाही. शेवटी रविवार ठरला.

त्या वेळी आमच्यातल्या एकीच्या मनावर मोठे ओझे होते. त्या आमच्या वहिनी. त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते. मुलगा चांगला, निर्व्यसनी, नोकरीला. घरही आपल्यातलेच, भिंतीवर बाबासाहेब आणि तथागतांचे फोटो. पण बैठकीत मुलाकडच्यांनी एक-एक गोष्ट काढायला सुरुवात केली. तारीख मुहूर्त बघूनच धरायची. हळद दोन दिवस. मोठा हॉल, बँड, मानपानाचे आहेर. "लग्न बुद्ध पद्धतीनेच लावू, पण पाहुणे काय म्हणतील म्हणून बाकीचेही करायला हवे," असे त्यांचे म्हणणे. वहिनींनी बचत गटातून कर्ज घेतले होते आणि आणखी घ्यायच्या विचारात होत्या. आम्हां सगळ्यांना हे माहीत होते. पण बोलणार कोण? दुसऱ्याच्या घरचे लग्न. उद्या जुळलेले मोडले तर बोल आपल्यावर. म्हणून आम्ही सगळ्या गप्प होतो.

दार आपल्यासाठीही उघडे आहे

रविवारी सकाळी चर्चगेट गाडी पकडली. मेगाब्लॉकमुळे गाडी सगळीकडे थांबत-थांबत गेली. पिशवीत चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडले, विद्यापीठाचा मनोरा मागे टाकला आणि काळा घोड्याच्या रस्त्याला लागलो.

तिथे धाकटीने आम्हाला थांबवले. समोर एल्फिन्स्टन महाविद्यालयाची जुनी दगडी इमारत. "इथे बाबासाहेब शिकले," ती म्हणाली. १९०८ साली ते या महाविद्यालयात आले. परळच्या चाळीतल्या एका खोलीतून येणारा विद्यार्थी, आणि महाविद्यालय हे असे! आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात जोडले. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत.

तिथून म्युझियमचा पांढरा घुमट दिसतो. आज त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय. पूर्वी ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होते. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते पायाभरणी झाली. इमारत १९१४ साली उभी राहिली. पण पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तिथे लष्करी इस्पितळ चालवले गेले. लोकांसाठी म्युझियम म्हणून ती उघडली १० जानेवारी १९२२ रोजी. म्हणजे बाबासाहेब समोर शिकत होते, त्याच काळात हे काम चालू होते. येता-जाता त्यांनी त्या परांच्या पाहिल्या असतील.

फाटकाशी आल्यावर आमच्या आक्का मागेच राहिल्या. आक्कांनी फोर्टातल्या एका कचेरीत अठ्ठावीस वर्षे झाडलोट केली. पहाटेची गाडी धरून यायच्या, बसमधून हा घुमट रोज दिसायचा. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं ही साहेबांची जागा. आपल्याला आत कोण घेणार? अठ्ठावीस वर्षांत एकदासुद्धा विचारलं नाही गं मी कुणाला."

धाकटीने तिकिटे काढली आणि पहिले तिकीट आक्कांच्या हातात दिले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशव्या तपासल्या आणि "या मावशी" म्हणून आत सोडले. झाले ते एवढेच. पण आक्कांनी ते फाडलेले तिकीट पदराला बांधून ठेवले, ते घरी येईपर्यंत सोडले नाही.

भगिनींनो, आपल्या आया-आज्यांना पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर कुणीतरी अडवत होते. ती अडवणूक कायद्याने गेली. पण मनातला पहारेकरी अजून उभा असतो. त्याला आपल्यालाच हटवावे लागते.

मातीतून घडलेले तथागत

आत गेल्यावर घुमटाखाली उभ्या राहून मान दुखेपर्यंत वर पाहिले. हा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे. इमारतीचा नकाशा जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुशिल्पीचा, पण दगड आपल्याच भागातला, कुर्ला आणि मालाडच्या खाणींतला. माईंचे वडील मालाडला खाणीत दगड फोडायचे. माईंनी भिंतीवर हात ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना थट्टा सुचली नाही. "पायाभरणीचे नाव लिहिलेय, नकाशावाल्याचे नाव लिहिलेय. दगड फोडणाऱ्याचे कुठे लिहायचे राहिले?" एवढेच म्हणाल्या.

बघण्यासारखे पुष्कळ आहे. प्राणी-पक्षी, नाणी, शस्त्रे, चित्रे. एका दिवसात सगळे होत नाही. आम्ही ठरवले होते की, बुद्ध आणि अशोक हे दोन नीट बघायचे, वेळ उरला तर बाकीचे.

मीरपूर खास नावाचे एक गाव सिंध प्रांतात आहे, आता ते पाकिस्तानात येते. तिथे काहू-जो-दडो नावाची टेकडी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याने ती खणली, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्या स्तूपाला भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती बसवलेल्या होत्या. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या. त्या भागात दगड मिळत नाही, नदीचा गाळ मिळतो. म्हणून कारागिरांनी मातीतूनच तथागत घडवले आणि भट्टीत भाजले. त्यांतल्या काही मूर्ती या म्युझियममध्ये आहेत. ध्यानात बसलेले तथागत, अर्धवट मिटलेले डोळे, चेहऱ्यावर अपार शांती.

आक्कांनी चपला बाजूला काढल्या आणि वाकून वंदन केले. वहिनी कुजबुजल्या, "आक्का, हे विहार नाही, म्युझियम आहे. लोक बघतात."

धाकटी म्हणाली, "आणि बाबासाहेबांनी सांगितलेय, बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. मूर्तीकडे मागायचे काही नसते."

आक्का शांतपणे म्हणाल्या, "मी मागितलं कुठे? ज्याने रस्ता दाखवला त्याला नमस्कार केला. आणि ज्या कुंभाराने ही माती मळली, त्यालाही केला."

यावर कुणाला उत्तर सुचले नाही. मग आम्ही पाचही जणींनी हात जोडले.

तो तुकडा

शेवटी तो दगड सापडला. खरे सांगायचे तर पहिल्यांदा बघून निराशाच झाली. काळ्या दगडाचा तुकडा, त्यावर काही ओळी, त्याही तुटलेल्या. अक्षरे साधी, सरळ, शाळेतल्या मुलाने रेघा ओढाव्यात तशी. "एवढ्यासाठी आलो?" असे माईंच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते.

मग धाकटीने सांगायला सुरुवात केली.

आपला सोपारा हे फार जुने बंदर. त्याचे जुने नाव शूर्पारक, पालीत सुप्पारक. भगवंतांचे शिष्य पुण्ण भिक्खू इथलेच, अशी परंपरा आहे. गावात एक मोठे टेकाड होते, त्याला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणायचे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तर आत स्तूप निघाला. त्यात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक आणि भोवती आठ लहान बुद्धमूर्ती. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या ८व्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात आणखी एक तुकडा सापडला, तो ९व्या लेखाचा.

"१९५६?" आक्का एकदम म्हणाल्या. "म्हणजे आपल्या दीक्षेचं वर्ष!"

होय. ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला, त्याच वर्षी सोपाऱ्याच्या किनाऱ्याजवळ अशोकाचा हा दगड वर आला. हा योगायोग आहे, त्यात चमत्कार नाही. चमत्कारावर आपण विश्वास ठेवत नाही. पण ऐकून अंगावर काटा आला, हे कशाला लपवा?

ही लिपी शेकडो वर्षे कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली. सोपाऱ्याच्या तुकड्यावर आता थोडेच शब्द उरले आहेत, पण हाच लेख गुजरातेत गिरनारला आणि इतर ठिकाणीही कोरलेला आहे. म्हणून त्यात काय होते ते पूर्ण कळते. धाकटीने वहीत उतरवून आणले होते. तिने आपल्या भाषेत सांगितले ते असे:

राजा म्हणतो, लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. आजारपणात करतात, मुला-मुलींच्या लग्नात करतात, बाळ जन्मले की करतात, प्रवासाला निघताना करतात. त्यात बायका तर पुष्कळ क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात.

इथे माईंनी तिला थांबवले. "बायकाच का? पुरुष काय करत होते तेव्हा? दक्षिणा घ्यायला बसले होते ना?" आम्ही इतक्या मोठ्याने हसलो की पहारेकऱ्याने वळून पाहिले. पण माईंचे खरे आहे. बाई विधी करते ती हौसेने नाही, भीतीने करते. लेकरू तापाने फणफणलेले, डॉक्टर लांब, हातात पैसा नाही. मग कुणी लिंबू सांगते, कुणी उपास सांगते. राजाला हे कुणी सांगितले नसावे.

"पुढे ऐका," धाकटी म्हणाली. राजा म्हणतो, या विधींचे फळ थोडे. मोठे फळ आहे ते धम्ममंगलाचे. धम्ममंगल म्हणजे काय? दास आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांबद्दल संयम, श्रमणांना व ब्राह्मणांना दान.

आमच्यातल्या मावशी आतापर्यंत गप्प होत्या. त्या तीन घरची धुणी-भांडी करतात. त्यांनी विचारले, "नोकरांशी नीट वागणे? हे राजाने लिहिलेय? दगडावर?"

"हो मावशी. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी."

मावशी तुकड्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, "मी ज्या घरी काम करते तिथे घरात पूजा असते, सत्यनारायण असतो, सगळं असतं. आणि माझा चहाचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला. राजाला हे तेव्हाच कळलं होतं, की मंगल देवघरात नसतं, त्या कपात असतं." त्यांचा आवाज चढला नाही. पण आम्हां कुणाच्याच तोंडून शब्द निघाला नाही.

शेजारणीने सांगावे

धाकटीच्या वहीत एक ओळ उरली होती. तिने ती वाचली. राजा म्हणतो, हे चांगले आहे, हे करावे, असे बापाने सांगावे, मुलाने सांगावे, भावाने सांगावे, मालकाने सांगावे, मित्राने सांगावे, इतकेच काय, शेजाऱ्यानेही सांगावे.

शेजाऱ्यानेही! आम्ही एकमेकींकडे पाहिले. आणि मग सगळ्यांनी वहिनींकडे पाहिले.

त्यांना न सांगताच कळले. त्या बाकावर जाऊन बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "तुम्हाला सगळ्यांना दिसत होतं ना? मग एकीनेही का नाही बोललात? मी रोज वाट बघत होते कुणीतरी म्हणेल, अगं नको करू एवढं."

वाचक भगिनींनो, त्या दिवशी आम्हाला फार लाज वाटली. आम्ही समजत होतो की गप्प राहणे म्हणजे मर्यादा पाळणे. ती मर्यादा नव्हती, तो भित्रेपणा होता. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भाषणे ऐकतो, गाणी म्हणतो. पण आपल्याच शेजारच्या घरात मुहूर्त आणि मानपान मागच्या दाराने शिरतात, तेव्हा आपण "त्यांच्या घरचा प्रश्न" म्हणून तोंड फिरवतो.

आक्का त्यांच्याजवळ बसल्या. "आता सांगते, ऐक. पोरीचं लग्न आहे, पोर विकायला नाही काढली. पुढच्या बैठकीला आम्ही सगळ्या येतो तुझ्याबरोबर."

"आणि त्यांनी मोडलं तर?" वहिनींनी विचारले.

या प्रश्नाला आक्कांकडेही सोपे उत्तर नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "मोडलं तर पोरीला विचारू. पण अगोदर तिला विचारू तर खरं. तिला कुणी विचारलंय का अजून?"

कुणीच विचारले नव्हते.

दुपारी ओव्हल मैदानाच्या कडेला बसून डबे खाल्ले. चपात्या गार झाल्या होत्या, पण बोलणे इतके मोकळे झाले की कुणाचे लक्ष नव्हते. परतीच्या गाडीत गर्दी होती. मावशी खिडकीशी बसून धाकटीच्या वहीतली अक्षरे आपल्या पावतीच्या मागे उतरवत होत्या. मावशी साक्षरता वर्गात चाळिशीनंतर लिहायला शिकल्या. त्यांनी अशोकाचा 'ध' आणि 'म' गिरवला आणि आम्हाला दाखवला.

पुढे काय झाले

लग्न जमले की नाही, हे तुम्हाला ऐकायचे असेल. बैठक झाली. आम्ही पाचही जणी गेलो. वहिनींच्या मुलीने स्वतः तोंड उघडले. म्हणाली, "आईवर कर्ज करून मला नवीन घरात पाऊल टाकायचे नाही." थोडा वेळ ताणाताणी झाली. मुलाच्या काकांना राग आला. पण मुलाची आजी मध्ये बोलली. ती नागपूरच्या दीक्षेला आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली. ती म्हणाली, "मुहूर्त कसला बघता? आमचा मुहूर्त बाबासाहेबांनी तेव्हाच बघून ठेवलाय." मुहूर्त गेला, बँड गेला, आहेर गेले. हळद एक दिवसाची राहिली आणि हॉलबद्दल अजून घासाघीस चालू आहे. सगळे एका बैठकीत सुटत नाही. पण वहिनींनी दुसरे कर्ज काढले नाही.

मावशींच्या कपाचे काय? त्यांनी दुसऱ्या दिवशी मालकिणीला सरळ सांगितले की खिडकीतल्या कपातला चहा मला नको. आता त्या तिथे चहा पीत नाहीत. काम चालू आहे. मालकीण अजून काही बोललेली नाही.

भगिनींनो, तुमच्या गावाजवळही असे काही असेल. नागपूरचा अजब बंगला आहे, चिचोलीला बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत, पुण्यात त्यांचे संग्रहालय आहे. आणि वसई-विरारकडच्या वाचकांनी सोपाऱ्याचा स्तूप तरी एकदा पाहावाच. आम्ही इतकी वर्षे त्याच्यावरून भाजी आणायला जात होतो आणि आत पाऊल टाकले नव्हते. जाताना मुलांना न्या, वही-पेन न्या. सगळे बघायचा हट्ट धरू नका. दोन-तीनच वस्तूंपुढे थांबा आणि जाण्याआधी त्यांची माहिती कुणा शिकलेल्या मुला-मुलीकडून काढून ठेवा. न्यायचेच तर एखाद्या आक्काला न्या, जिला वाटते की ते दार आपल्यासाठी नाही.

आणि सोपाऱ्याला सापडलेला तो ८वा लेख काय सांगतो, तेही लिहून टाकतो. अशोक म्हणतो, पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना आणि शिकारीला जात. पण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः बोधिवृक्षापाशी गेला आणि तेव्हापासून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. वडीलधाऱ्यांना भेटायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे.

आम्हीही सकाळी सहलीला म्हणूनच निघालो होतो. पुढच्या वर्षी कुठे जायचे, ते आता मावशी ठरवणार आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!